यंत्रातला पोतदार

'माणूस खणखणीत आहे' असे आपण म्हणतो, तेव्हा आपल्या मनात नाणे नसते. 'नावाला बट्टा लागला' म्हणताना कोणाला सराफाचे दुकान आठवत नाही. पण हे दोन्ही शब्दप्रयोग बाजारातून घरात आले आहेत. एके काळी आपल्या मुलखात रुपया म्हटला की, 'कोणता?' असा प्रश्न लगेच येई. अंकुशी रुपया वेगळा, चांदवडी वेगळा, निजामाच्या मुलखातला हाली सिक्का आणखी वेगळा. प्रत्येकाची चांदी निराळी, झीज निराळी आणि त्यावर कापला जाणारा बट्टाही निराळा. मग घेणारा माणूस रुपया दगडावर आपटून त्याचा आवाज ऐके, हातात तोलून पाही, कडेवरून नख फिरवी, आणि तरीही मन भरले नाही तर पोतदाराकडे जाई.

पोतदार म्हणजे नाण्यांची पारख करणारा. सरकारी खजिन्यात वसूल जमा करताना प्रत्येक नाणे त्याच्या नजरेखालून जाई. खेड्यात हे काम बहुधा सोनाराकडे असे. तो गावगाड्यातल्या बलुतेदारांपैकी एक. त्याच गावगाड्यात आणखी एक बलुतेदार होता, तो म्हणजे परीट. गावाचे कपडे ओढ्यावर नेऊन धुवायचे, वाळवायचे, घरोघर पोचवायचे आणि सुगीला खळ्यावर जाऊन आपल्या वाट्याचे धान्य आणायचे, असा त्याचा व्यवहार. परटाला दर धुण्यामागे कोणी नाणे मोजत नसे आणि पोतदाराला कोणी कपडे देत नसे. दोघांचे धंदे दोन वाटांनी चालत.

या दोन बलुतेदारांना एकाच लोखंडी पेटीत कोंडले तर काय होईल, याचे उत्तर गेल्या शतकात अमेरिकेने दिले. नाणे टाकून चालणारी धुलाईची आणि कपडे वाळवण्याची यंत्रे म्हणजे ही पेटी. त्यातला परीट सहसा तक्रार करीत नाही. तो पिंप फिरवतो, गरम हवा सोडतो आणि वेळ झाली की थांबतो. खोळंबा होतो तो बहुतेक वेळा पोतदाराकडे. तो खरे नाणे नाकारतो, खोटे घेतो, घेतलेले नाणे विसरतो, नाहीतर घशात अडकवून गप्प बसतो. त्या पोतदाराच्या दोन हजार वर्षांच्या खटपटीची हकीकत दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांना सांगावी असे मला वाटले.

या घराण्याचा मूळ पुरुष इजिप्तमध्ये सापडतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रिया शहरात हेरॉन नावाचा यंत्रशास्त्रज्ञ होऊन गेला. वाफ, हवा आणि पाणी यांच्या जोरावर चालणाऱ्या गमतीदार यंत्रांचे वर्णन त्याने लिहून ठेवले आहे. त्यात देवळासाठी एक कलश आहे. वरच्या खाचेतून पाच द्राख्माचे नाणे टाकले की ते आत एका तरफेच्या टोकावरील तबकडीत पडते. वजनाने ते टोक खाली जाते, दुसरे टोक वर उचलले जाते, त्याला जोडलेली झडप उघडते आणि तोटीतून पाणी वाहू लागते. तबकडी कलत जाते, नाणे घसरून खाली पडते, तरफ पूर्वपदावर येते आणि पाणी बंद होते. भाविकाने त्या पाण्याने शुद्ध होऊन देवापुढे जावे, अशी योजना. म्हणजे नाणे टाकून चालणारे सर्वांत जुने ज्ञात यंत्र धुण्याच्याच कामाचे होते!

त्या कलशात नाण्याने विकत मिळे तो काळाचा एक तुकडा. नाणे तबकडीवर असेतोवर पाणी. आजच्या वाळवणीच्या यंत्रातही हाच हिशेब आहे. धुलाईचे यंत्र ठरलेले पैसे घेऊन एक पूर्ण फेरी करून देते. वाळवणीचे यंत्र मात्र प्रत्येक नाण्यामागे काही मिनिटे देते. आणखी नाणे टाका, आणखी मिनिटे घ्या. त्यामुळे त्याच्या पोतदाराला नाणे खरे आहे की खोटे एवढे पाहून भागत नाही. किती नाणी आली हे मोजून त्यांची मिनिटेही करावी लागतात. हेरॉनच्या यंत्रात पारख नव्हती. तेवढ्याच वजनाचा शिशाचा तुकडा टाकला असता तरी तरफ तितक्याच आदराने खाली गेली असती. देवळाच्या दारात लबाडी कोण करील, असा भरवसा बहुधा त्यामागे असावा.

हा भरवसा पुढे इंग्लंडच्या गुत्त्यांत फारच मोठ्या प्रमाणात दिसतो. सतराव्या-अठराव्या शतकांत तिथे पितळेच्या तंबाखूच्या पेट्या मेजावर ठेवलेल्या असत. अर्धा पेनी टाकला की कळ सुटे आणि झाकण उघडे. पण झाकण उघडले की आतली सगळीच तंबाखू समोर! गिऱ्हाइकाने आपल्या चिलमीपुरती घ्यावी आणि झाकण लावून पेटी पुढे सरकवावी, अशी अपेक्षा. इंग्रजीत या पेट्यांना इमानाच्या पेट्या अशा अर्थाचे नाव पडले, ते योग्यच होते. यंत्र इथे निम्मेच काम करी; उरलेले निम्मे माणसाच्या लाजेवर सोपवलेले असे. शिवाय गुत्त्याचा मालक समोर उभा असायचाच.

मालक समोरून हलला तेव्हा खरी पंचाईत सुरू झाली. १८८० नंतरच्या दशकात पर्सिव्हल एव्हरिट याने लंडनमध्ये पोस्टकार्डे विकणारी यंत्रे बसवली. रेल्वेच्या फलाटावर लोखंडी खांब, त्याला खाच, खाचेत पेनी टाकली की कार्ड बाहेर. कोणी विकणारा नाही, कोणी पाहणारा नाही. लोकांनी काय करावे? खाचेत कागदाचे बोळे घातले, संत्र्याच्या साली घातल्या, हाताला लागेल तो कचरा घातला! एव्हरिटला आपल्या पुढच्या पेटंटच्या अर्जात ही तक्रार नमूद करून, कचरा बाहेर टाकण्याची युक्ती जोडावी लागली. नाण्याच्या खाचेत बिघाड शोधणाऱ्यांचा खरा आद्यपुरुष तोच म्हणायला हवा. जुन्या संताजी तेल्याच्या दुकानात कोणी संत्र्याची साल गल्ल्यात टाकली नसती. खाचेला डोळे नाहीत हे कळल्याबरोबर माणसाच्या हाताला खाज सुटली.

पण या खाचेने गरिबाचे कल्याणही केले, हे विसरून चालणार नाही. त्याच दशकाच्या अखेरीस इंग्लंडात पेनी टाकून चालणारे गॅसचे मीटर आले. तोवर गॅसची बत्ती म्हणजे पत असलेल्या घराची चैन. तीन महिन्यांचे बिल उधार ठेवण्याइतका विश्वास कंपनी मजुरावर कसा ठेवणार? मीटरला पेनी मिळाली की तेवढ्या पेनीचा गॅस तो देई. पत विचारायची गरजच उरली नाही. हजारो मजुरांच्या खोल्यांत दिवा आणि चूल पेटली ती या मुक्या पोतदारामुळे. उधारी बंद झाली तेव्हा उधारीसाठी लागणारी प्रतिष्ठाही अनावश्यक झाली. अर्थात नाणे संपले की मध्यरात्रीही दिवा विझे. तिथे रदबदली चालत नसे.

आता धुण्याकडे वळतो. १९३४ सालच्या १८ एप्रिलला अमेरिकेतील टेक्सास राज्यात फोर्ट वर्थ या गावी जे. एफ. कँट्रेल नावाच्या गृहस्थाने चार विजेची धुलाई यंत्रे एका खोलीत मांडली आणि ती तासाच्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. नाव दिले 'वॉशटेरिया'. मंदीचे दिवस होते, घरी यंत्र घेण्याची ऐपत थोड्यांचीच होती. तिथे अजून नाण्याची खाच नव्हती; भाडे घ्यायला माणूस होता. लंडनमध्ये असे पहिले दुकान क्वीन्सवे भागात १९४९ सालच्या ९ मे रोजी उघडले. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत यंत्रांवर नाण्याची पेटी बसली, माणूस हळूहळू दिसेनासा झाला आणि चोवीस तास उघडी राहणारी दुकाने निघाली.

वाळवणीच्या यंत्राचा जन्म थंडीच्या पोटी झाला. अमेरिकेच्या उत्तर सीमेवर नॉर्थ डकोटा नावाचे राज्य आहे. तिथल्या हिवाळ्यात दोरीवर टाकलेला सदरा पाहता पाहता पत्र्यासारखा ताठ होतो. तिथल्या रॉस मूर नावाच्या शेतकरी कुटुंबातील संशोधकाने थंडीत बाहेर कपडे टाकण्याच्या कटकटीला कंटाळून एका खोपटात चूल आणि फिरते पिंप बसवले. पुढे विस्कॉन्सिन राज्यातील हॅमिल्टन नावाच्या कारखान्याने त्याची कल्पना घेतली आणि १९३८ च्या सुमारास 'जून डे', म्हणजे जूनचा दिवस, या नावाने यंत्र विक्रीला आले. आपल्याकडे जून म्हटला की छत्री आठवते; तिकडे जून म्हणजे लख्ख ऊन. हे ऊन पेटीत भरले आणि पुढे त्यावर नाण्याची खाच बसवली, म्हणजे ऊनही मिनिटाच्या भावाने विकले जाऊ लागले.

या दुकानांची एक बाजू काळी होती. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत काही दुकानांच्या दारावर 'फक्त गोऱ्यांसाठी' अशी पाटी असे. आतल्या यंत्राला हात गोरा की काळा हे कळत नव्हते, सगळ्यांचे नाणे त्याला सारखेच. भेद सांभाळण्यासाठी दाराला पाटी लावावी लागली, कारण यंत्राला तो शिकवता येत नव्हता. आपल्या गावगाड्यातला परीट जन्माने परीट होता आणि कोणाचे कपडे धुवायचे, कोणाचे नाही, हेही जन्मानेच ठरलेले होते. ते आठवले की या मुक्या पेटीविषयी माझ्या मनात थोडा आदर उत्पन्न होतो.

आता पोतदाराच्या अंगात शिरून पाहू. माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत शिकत असताना विद्यापीठाच्या वसतिगृहांच्या तळघरांतील यंत्रे दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली काही महिने मदतनीस होता. मागल्या उन्हाळ्यात तो गावी आला, तेव्हा माझ्या ओसरीवर बसून त्याने पाठकोऱ्या कागदावर सगळी रचना काढून दाखवली. "सर, वर्गात तुम्ही आम्हाला उलटतपासणी करायला शिकवलीत, तीच तिथे उपयोगी पडली," असे तो म्हणाला. मास्तरला खूष करण्याची कला तो विसरला नव्हता. पण त्याने सांगितले ते ऐकण्यासारखे होते.

जुन्या पद्धतीत एक सरकती पट्टी असे. तिच्या खाचांत क्वार्टर, म्हणजे पंचवीस सेंटची नाणी, उभी किंवा आडवी बसवायची आणि पट्टी आत ढकलायची. आत लहान लहान लोखंडी बोटे नाण्याचा व्यास आणि जाडी चाचपतात. नाणे कमी जाडीचे किंवा लहान असले की बोट खाली घसरते आणि पट्टी अडते. मोठे असले तर ते खाचेत बसतच नाही. हा पोतदार आंधळा, पण त्याचा स्पर्श चांगला. वाकलेले नाणे मात्र त्याचा घात करते. अर्धी आत, अर्धी बाहेर अशी पट्टी अडकते आणि पुढचे दहा लोक तिला रागारागाने ढकलून स्प्रिंगच तोडतात.

दुसरी पद्धत अधिक हुशार. यात नाणे वरून सोडायचे. ते एका पाळण्यात पडते. वजन आणि आकार ठीक असेल तरच पाळणा कलतो. मग ते उतरणीवरून घरंगळत लोहचुंबकाजवळून जाते. लोखंडी चकती असली तर ती तिथेच चिकटते. चांदीचे किंवा तांब्याचे नाणे चिकटत नाही, पण त्याची गती मंदावते, कारण वीज चांगली वाहून नेणारा धातू चुंबकापुढून जाताना त्याच्यात वीज खेळते आणि ती त्याला मागे ओढते. धातू जितका चांगला वाहक, तितकी त्याची चाल मंद. चाल बदलली की उडी बदलते. खरे नाणे नेमक्या जागी पडते आणि खोटे पुढे झेप घेऊन परतीच्या नळीत जाते. शेवटी ते एका कठीण तुकड्यावर आपटते आणि त्याच्या उसळीवरूनही परीक्षा होते. रुपया दगडावर वाजवून घेणाऱ्या आमच्या जुन्या सावकाराची ही तर हुबेहूब रीत!

नव्या पद्धतीत विजेची वेटोळी असतात. काही यंत्रांत तर दोन वेटोळ्यांमध्ये एक खरे नाणे कायमचे बसवून ठेवतात. आलेले प्रत्येक नाणे त्या नमुन्याशी ताडून पाहायचे. जुळले तर आत, नाही तर बाहेर. पोतदाराने आपल्या छातीशी एक सच्चे नाणे धरून ठेवले आहे आणि जगाला त्याच्यावरून मोजतो आहे, अशी ही कल्पना मला फार आवडली. पण हा नमुनाच हलला किंवा मळला, म्हणजे यंत्र गावातली सगळी चांगली नाणी परत टाकू लागते. अशा वेळी अडाणी मिस्त्री नाण्यांना दोष देतो आणि शहाणा नमुना काढून पुसतो.

बिघाड शोधण्याची त्या म्हाताऱ्या मिस्त्रीची पद्धत माझ्या विद्यार्थ्याने पाठच केली होती. पहिला प्रश्न नाण्याला विचारायचा: तू कुठे आहेस? परतीच्या वाटीत आले तर पोतदाराने नाकारले, म्हणजे मळ, वाकडेपणा किंवा नमुना यांकडे पाहायचे. नळीत अडकले तर बहुधा खालचा गल्ला शिगोशीग भरला आहे आणि नाण्यांची चळत वर चढत आली आहे. गल्ला वेळेवर रिकामा न करणे हा मालकाचा दोष, पण शिव्या यंत्राला. नाणे गल्ल्यात पोचले आणि तरीही मिनिटे मिळाली नाहीत, तर पारख ठीक आहे, मोजणी चुकली. नळीच्या तळाशी एक प्रकाशाचा डोळा असतो. नाणे पडताना प्रकाश क्षणभर तुटतो आणि तेवढ्यावरून यंत्र मोजते. कपडे वाळताना उडणारा बारीक तंतूंचा भुगा त्या डोळ्यावर बसला की तो आंधळा होतो. फुंकर मारून, कोरड्या ब्रशने झाडून पुष्कळदा काम भागते. तरी जमले नाही तर तारेचे टोक सैल आहे का ते पाहायचे. मिनिटे दिसतात पण पिंप फिरत नाही, तर नाण्याचा काही संबंधच नाही; दार नीट लागलेले नसते, किंवा दाराची कळ झिजलेली असते. एकाच नाण्यावर कधी निकाल द्यायचा नाही. नवी-जुनी, चकचकीत-काळवंडलेली, अशी मूठभर नाणी टाकून पाहायची. आणि नवा भाग बसवणे हा शेवटचा उपाय.

त्याने सांगितलेला एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. डिसेंबरची रात्र, बाहेर बर्फ. एक मुलगी तळघरात ओले कपडे घेऊन उभी होती. पहाटे तिला भोजनालयात वाढपाच्या कामावर जायचे होते आणि अंगात घालायचा गणवेश त्या ओल्या ढिगात होता. जवळची शेवटची चार क्वार्टर नाणी यंत्राने गिळली होती आणि मिनिटांच्या जागी शून्य. मिस्त्री आला. त्याने पेटी उघडण्याआधी आपल्या खिशातून चार नाणी काढली, शेजारच्या यंत्रात टाकली आणि तिचे कपडे फिरते केले. मग तो चष्मा लावून बसला. डोळ्यावर भुगा होता, पाच मिनिटांचे काम. माझ्या विद्यार्थ्याने विचारले, ती खोटे बोलत असती तर? म्हाताऱ्याने उत्तर दिले की, या धंद्यात चाळीस वर्षे गेली. ओले कपडे हातात घेऊन बर्फातून आलेला माणूस एका डॉलरसाठी खोटे बोलत असेल, तर त्याला त्या डॉलरची गरज आहे असे समजावे.

असे असले तरी लबाडीचा इतिहासही मोठा आहे. १९८२ साली अमेरिकेतील कनेक्टिकट राज्याच्या हमरस्त्यावर टोलसाठी साडेसतरा सेंटची टोकने चालत. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचे टोकन तेव्हा पंचाहत्तर सेंटचे होते. दोन्हींचे आकार जवळजवळ सारखे! न्यूयॉर्कच्या जनतेला हा शोध लागायला वेळ लागला नाही. लाखो टोकने भुयारी रेल्वेच्या फाटकांत जाऊन पडली आणि दोन सरकारांत भांडण जुंपले. अखेर १९८५ साली त्या रस्त्यावरचा टोलच संपला, तेव्हा प्रकरण मिटले. पोतदार दोन्हीकडे प्रामाणिक होता. त्याला जे शिकवले होते ते तो बिनचूक करीत होता.

पण या साऱ्या इतिहासातील सर्वांत नवलाची गोष्ट १९६५ सालची. हजारो वर्षे नाणे आधी आणि पारखी मागून, असा क्रम होता. राजा नाणे पाडी, पोतदार ते तपाशी. त्या वर्षी क्रम उलटला. अमेरिकेची दहा आणि पंचवीस सेंटची नाणी तोवर नव्वद टक्के चांदीची होती. चांदी महागली, लोक नाणी घरात दडवू लागले आणि सरकारला चांदी काढून टाकणे भाग पडले. पण दुसरा कोणता धातू घ्यावा? देशभर लाखो यंत्रांच्या पोटात ते चुंबक बसलेले होते आणि त्यांना चांदीची चाल ठाऊक होती. निकेलचे नाणे पाडले असते तर सगळ्या यंत्रांनी ते बाहेर फेकले असते. शीतपेये, दूरध्वनी, धुलाई, वाळवणी, सारे एका दिवसात ठप्प! म्हणून बॅटेल संस्थेकडून अभ्यास करवून घेण्यात आला आणि मधे शुद्ध तांबे, दोन्ही बाजूंना तांबे-निकेलच्या मिश्रणाचा पातळ थर, असे भरल्या पोळीसारखे नाणे ठरले. त्याची वीज वाहण्याची रीत चांदीच्या नाण्याशी मिळतीजुळती. वजन मात्र बदलले: जुने क्वार्टर ६.२५ ग्रॅमचे, नवे ५.६७ ग्रॅमचे. अध्यक्ष जॉन्सन यांनी २३ जुलै १९६५ रोजी कायद्यावर सही केली. एका महासत्तेने आपले नाणे कसे असावे हे ठरवताना तळघरातल्या पेटीची मर्जी विचारली! पोतदाराने राजाला टाकसाळीत सल्ला द्यावा, अशी ही घटना.

जिथे पेटीची मर्जी पुरेशी विचारली जात नाही तिथे भुर्दंड पडतो. इंग्लंडने १९७१ साली दशमान पद्धती आणली, तेव्हा पाच पेन्सचे नाणे जुन्या शिलिंगाच्याच मापाचे ठेवले होते, म्हणून बरेच निभावले. पुढे १९९० साली पाच पेन्सचे आणि १९९२ साली दहा पेन्सचे नाणे लहान केले. २०१२ साली दोन्ही पोलादाची झाली. २०१७ साली एक पौंडाचे गोल नाणे जाऊन बारा कोनांचे आले. प्रत्येक वेळी गावोगावच्या दुकानदारांनी मिस्त्री बोलावून पोतदाराला नवे धडे दिले.

आपल्याकडे धुण्याच्या या पेट्या रुजल्या नाहीत. आपल्या गच्च्यांवर ऊन फुकट मिळते, आणि परटाच्या बलुत्याची जागा धोब्याच्या वहीने घेतली. महिनाभराचे कपडे, महिनाभराची उधारी, आणि एखादा सदरा हरवला तर महिनाभराचे भांडण. पण नाण्याची खाच आपल्याला अगदीच अपरिचित नाही. रेल्वेच्या फलाटावरचे ते रंगीबेरंगी दिव्यांचे वजनयंत्र, नाणे टाकल्यावर वजनाबरोबर भविष्यही सांगणारे जाड तिकीट, आणि पुढच्या काळात पानाच्या टपरीवरचा एक रुपयाचा टेलिफोन, हे सगळे या घराण्यातले. चार आण्याच्या जागी १९५७ नंतर पंचवीस पैसे आले आणि ३० जून २०११ ला तेही चलनातून गेले.

शिवाय यंत्रांचा दोष आपल्याकडे माणसांनीही दाखवला आहे. २००९ पासून दहा रुपयांची दोन धातूंची नाणी निघाली आणि त्यांवरची चित्रे वेळोवेळी बदलली. मग 'हे खरे नव्हे, ते खरे' अशी अफवा पसरली आणि चांगले दुकानदार चांगली नाणी परत करू लागले. शेवटी १७ जानेवारी २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेला जाहीर करावे लागले की, चौदाही प्रकारची नाणी खरी आहेत. पोतदाराच्या छातीतला नमुना हलला की तो सगळ्यांना खोटे ठरवतो, हे मी वर सांगितलेच आहे. यंत्राचा नमुना काढून पुसता तरी येतो.

२०२० साली महासाथ आली, व्यवहार थंडावले आणि अमेरिकेत नाणीच फिरेनाशी झाली. जूनमध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेने बँकांना नाणी मोजून वाटायला सुरुवात केली. ज्यांच्या घरी यंत्र नाही असे लोक क्वार्टर नाण्यांसाठी वणवण फिरले, कारण बँकेत पैसे असूनही कपडे धुता येईनात. तेव्हापासून कार्डावर आणि मोबाइलवर चालणाऱ्या यंत्रांकडे ओढा आणखी वाढला आहे. त्यात खाच नाही, भुगा नाही, अडकणे नाही. पण माझा विद्यार्थी सांगतो की, तक्रार तीच राहिली आहे: पैसे गेले, मिनिटे मिळाली नाहीत. आणि पूर्वी निदान पेटी उघडून, 'हे पाहा तुमचे नाणे' असे दाखवता येई. आता दाखवायला काही उरले नाही. पारखी अदृश्य झाला, भांडण राहिले.

मला वाटते, हेरॉनपासून आजपर्यंत माणसाने एकच गोष्ट पेटीत भरण्याची खटपट केली, ती म्हणजे अनोळखी माणसावरचा विश्वास. बराचसा भरलाही. मजुराच्या घरी दिवा लागला, परक्या गावात विद्यार्थ्याचे कपडे वाळले, कोणी कोणाची जात आणि पत विचारली नाही. ही थोडकी कमाई नव्हे. पण पेटी बिघडते त्या क्षणी हिशेब पुन्हा माणसाकडे येतो. 'मी नाणे टाकले होते,' असे कोणी म्हणते आणि त्याच्याजवळ ओल्या कपड्यांखेरीज पुरावा नसतो. तेव्हा खिशातून चार नाणी काढणारा मिस्त्री भेटला तर यंत्रविद्या सफल झाली, नाहीतर ती एक लोखंडी पेटी.

लक्ष्मीपूजनाला आपल्या घरोघरी चांदीची नाणी चिंचेने घासून, धुऊन, पुसून ताम्हनात मांडतील. स्वच्छ नाणे यंत्रालाही फार आवडते, असे माझा विद्यार्थी सांगतो. यंदा त्यांतले एखादे उंबऱ्यावर वाजवून पाहा आणि मुलांनाही तो आवाज ऐकवा. नाणे खणखणीत असते म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकापेक्षा त्या आवाजातून लवकर कळेल.